वडिलांचे आठ माग

२०२३ च्या मे महिन्यात बाबा कारखान्याच्या ओल्या फरशीवरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तुटायला लागतं, म्हणून यंत्रमागांच्या मधल्या वाटेवर पाणी शिंपडतात. त्या वाटेवरून बाबा चाळीस वर्षं चालत होते. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करत होते. तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि इचलकरंजीला आले. ऑपरेशन झालं, बाबा घरी आले, आणि तिसऱ्या दिवशी पलंगावरूनच त्यांनी मला विचारलं, ‘‘पाच नंबर बंद का आहे?’’

मला एकच एकसारखा गोंगाट ऐकू येत होता. त्यातून एक माग कमी झालाय हे त्यांना कळलं होतं.

आमच्याकडं आठ मागांच्या पत्र्याच्या शेडलाही कारखानाच म्हणतात आणि ज्याचे आठ माग आहेत त्यालाही कारखानदार. आमचा कारखाना घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. माझा अभ्यास, परीक्षा, ताप, झोप सगळं त्या आवाजात झालं. पण मी कधी माग चालू केला नव्हता. मुलींनी कारखान्यात जायचं ते चहाची किटली पोचवायला, एवढंच. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा मी तिथं काम करायला म्हणून पाऊल टाकलं.

आमचा धंदा खर्चीचा. म्हणजे सूत आमचं नसतं. व्यापारी सायझिंग झालेले बीम, म्हणजे खळ लावलेल्या उभ्या धाग्यांचे मोठे रूळ, आणि आडव्या धाग्याचं सूत देतो, आम्ही विणून कापड परत करतो आणि मजुरी घेतो. ही मजुरी पिकावर ठरते, पैशांत. पिक म्हणजे एका इंचात किती आडवे धागे बसले ती संख्या. आम्ही विणतो ते ५२ पिकाचं पॉपलीन. कामगारांची मजुरीसुद्धा या शहरात ५२ पिकालाच धरून बोलली जाते. मजुरीवाढीची बातमी आली की गल्लीत कुणीही पहिल्यांदा हेच विचारतो, ‘‘५२ पिकाला किती झालं?’’

पहिल्या आठवड्यात मी आकडे मांडले, कारण मला तेवढंच येत होतं. इंचाला ५२ म्हणजे मीटरला दोन हजारांहून जास्त आडवे धागे. तेवढ्या वेळा आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं जातो तेव्हा एक मीटर कापड होतं. आमचा साधा माग मिनिटाला साधारण १४० फेऱ्या मारतो. बारा तासांच्या पाळीत एक क्षणही न थांबता चालला तर ४९ मीटर व्हायला हवेत. प्रत्यक्षात होतात ३५ ते ४०. मधले नऊ ते चौदा मीटर कुठं जातात, हे मला त्या कागदावर दिसत नव्हतं. पुढचे कित्येक महिने मी तेच शिकत होते, असं आता म्हणता येईल.

धोट्यात कांडी असते, कांडीवर आडवा धागा गुंडाळलेला. एक कांडी पाच-सहा मिनिटांत संपते. एक कामगार चार माग बघतो, म्हणजे दर सव्वा-दीड मिनिटाला त्याला कुठल्या ना कुठल्या मागाची कांडी बदलावी लागते. धोटा काढायचा, रिकामी कांडी टोपलीत टाकायची, भरलेली बसवायची, धागा ओढून घ्यायचा, धोटा जागेवर ठेवून माग चालू करायचा दांडा ओढायचा. हे करता करता बाकीच्या तीन मागांवर नजर. आडवा धागा संपला किंवा तुटला तर साधा माग आपोआप थांबतो. उभा तुटला तर मात्र थांबत नाही, तसाच विणत राहतो, आणि तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत अडकून कापडात जाळं तयार होतं. ते घडीवर, म्हणजे कापड तपासून घडी घालताना, सापडलं की व्यापारी पैसे कापतो. म्हणून कामगाराचे डोळे सारखे बीमावरून येणाऱ्या त्या साडेतीन हजार धाग्यांवर असतात. साडेतीन हजारांतला एक सुटला तर त्याला दिसलं पाहिजे.

आमच्याकडं दोन पाळ्यांत मिळून चार कामगार, कांड्या भरणाऱ्या एक कांडीवाल्या मावशी, आणि चार-पाच कारखान्यांचे माग दुरुस्त करणारे एक जॉबरमामा. दिवाणजी ठेवण्याइतका आमचा पसारा नाही. तागे मोजणं, मजुरीची वही, व्यापाऱ्याकडची ये-जा हे सगळं बाबाच करायचे. ती वही माझ्या हातात आली.

आणि वही हातात आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी मोठी चूक केली.

तीन नंबरचा बीम संपला. सायझिंगच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, १००० मीटर. कापड मोजलं तर ९३८ मीटर भरलं. मी दोनदा बेरीज केली. मग दिवसपाळीच्या थोरल्या कामगाराला, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आले, मी विचारलं, ‘‘काका, बाकीचं ६२ मीटर कुठं गेलं?’’ आवाजात माझा हेतू नव्हता असं मला आजही स्वतःला सांगावंसं वाटतं, पण विचारलं तसंच होतं, ऑफिसात विचारतात तसं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत, पाळी संपवून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

चार माग बंद. बाबांना कळायला वेळ लागला नाही. मी सगळं सांगितल्यावर ते बराच वेळ छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘अगं, उभा धागा काय सरळ जातोय का? आडव्या धाग्याच्या वरनं खालनं, वरनं खालनं जातोय. सूत हजार मीटर असलं तरी कापड हजार कसं येईल? आकसतंय ते.’’ त्यांनी उशाखालचा पंचा ओढून त्याच्यातला एक धागा नखानं उपसून काढला आणि माझ्या हातात दिला. सरळ केला तर तो पंचाच्या काठापेक्षा बोटभर लांब होता. शिवाय बीमाच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडं सूत वाया जातंच. १००० ला ९३८ हा चांगला हिशेब होता. काकांनी सूत जपून वापरलं होतं.

संध्याकाळी मी गावातल्याच शहापूर भागात काकांच्या घरी गेले. ते मूळचे विजापूरकडचे, घरात कन्नड बोलतात. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी म्हणाले, ‘‘काका, माझं चुकलं. कापड आकसतं हे मला माहीत नव्हतं.’’ ते म्हणाले, ‘‘असू दे.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘सहा नंबरचा बीम उद्या दुपारपर्यंत संपंल. सांधणाऱ्याला फोन केलायसा का?’’ मी केला नव्हता. मला तो करायचा असतो हेच माहीत नव्हतं. त्यांनी तिथंच फोन लावून दिला.

सांधणारा म्हणजे नव्या बीमाचा एकेक धागा मागावरच्या जुन्या धाग्याच्या शेपटाला जोडणारा माणूस. कापडाची जात तीच असेल तर असं जोडता येतं. बोटांना पावडर लावून दोन धागे एकत्र पिळायचे, पुढचे दोन, पुढचे दोन. जात बदलली तर मग वहिफणीवाल्यांना बोलवावं लागतं. वई म्हणजे उभे धागे वर-खाली करणारी चौकट आणि फणी म्हणजे ते धागे वेगवेगळे ठेवणारा कंगवा. ते वईच्या प्रत्येक डोळ्यातून आणि फणीच्या प्रत्येक घरातून धागा नव्यानं ओवतात. एकजण मागून धागा देतो, दुसरा पुढून आकड्यानं ओढून घेतो. हजारो वेळा, न चुकता. एक धागा चुकीच्या घरात गेला तर पूर्ण तागाभर रेघ पडते. मी एकदा त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून धागे द्यायला लागले. पंधरा मिनिटांत माझी नजर फिरली. ती दोन माणसं रोज तेच करतात, आणि त्यांच्या कामाच्या वेळेप्रमाणं आमच्यासारख्या पन्नास कारखान्यांचे माग कधी चालू होणार ते ठरतं.

हळूहळू मला दिसायला लागलं की आमच्या कारखान्यात जे घडतं त्यातलं निम्मं कारखान्याबाहेर ठरतं. सायझिंगवाल्यानं खळ कमी लावली तर सूत केसाळ राहतं आणि फणीत घासून तुटतं. खळ जास्त झाली तर धागा ताठ होतो आणि कोरड्या हवेत काडीसारखा मोडतो. बीम वाहणारा टेम्पो उशिरा आला तर सांधणारा दुसरीकडं निघून जातो. तो गेला की रात्रपाळीच्या कामगाराचे दोन माग बंद राहतात आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, कारण त्याला मीटरवर पैसे. पुण्यात माझ्या टेबलावरचं काम अडलं तर एक मेल पाठवून मी घरी जात असे. इथं माझा एक विसरलेला फोन म्हणजे कुणाच्या तरी घरातले पैसे.

याला मी शहर म्हणते, पण पुण्या-मुंबईचे लोक ऐकून हसतात. २०११ च्या जनगणनेत इचलकरंजीची वस्ती दोन लाख ८७ हजार होती. २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. रेल्वे नाही, गाडीला बसायचं तर हातकणंगल्याला जायचं. कोल्हापूर तीस किलोमीटर. कुठल्याही टोकाला दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं, आणि म्हणूनच हा धंदा असा तुकड्या-तुकड्यांत चालू शकतो: सूत एका पेठेत, सायझिंग दुसरीकडं, माग गल्लोगल्ली, घडी आणखी कुठं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी या उद्योगाला हात दिला. राजवाड्यात आता वस्त्रोद्योगाचं कॉलेज आहे. माझ्या आजोबांनी पहिले दोन माग घेतले तेव्हा ते लुगडी विणायचे. बाबांच्या वेळी पॉपलीन आलं. आमचं कोरं पॉपलीन रंगायला राजस्थानात पालीला, बालोत्र्याला जातं. परकराचं आणि अस्तराचं कापड होऊन ते परत महाराष्ट्रातल्या दुकानात येतं तेव्हा ते कुठं विणलं हे त्यावर कुठंच लिहिलेलं नसतं.

कांडीवाल्या मावशी सकाळी सहाला येतात. कारखान्याच्या कोपऱ्यात त्यांचं कांडी मशीन आणि एक पाट. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुण्यात राहून माझं ते सुटलं होतं. मावशींनी पहिल्याच दिवशी ते पकडलं. ‘‘तू ‘मी आले’ म्हणायला लागलीयास व्हय. मी तर बाई पाच वाजता उठलो, पाणी भरलो, भाकऱ्या थापलो, मग आलो.’’ त्या पाण्याचं त्यांनी जे सांगितलं ते इथल्या प्रत्येक घराचं आहे. पंचगंगा गावाला लागून वाहते, पण तिचं पाणी इतकं बिघडलेलं की मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणावं लागतं. वाटेत जलवाहिनी फुटली की वेळापत्रक कोलमडतं. रोज पाणी येतच नाही. दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, आणि वेळ कधी पहाटेची, कधी रात्री अकराची. २०१२ मध्ये काविळीची साथ आली होती, तेव्हा आमच्याच गल्लीत दोन घरांत माणसं आडवी होती. तेव्हापासून आई पाणी उकळून घेते. दूधगंगेवरून सुळकूडहून पाणी आणायची योजना मंजूर झाली, पण तिकडच्या गावांचा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणंही मला समजतं. पाणी कमी पडेल ही भीती त्यांनाही आहेच. मात्र आमच्या नदीकाठी राहून आम्ही बॅरल भरत बसतो, याचं मला वाईट वाटतं. नदी घाण होण्यात आमच्याच धंद्याचा वाटा आहे, हे धरून वाईट वाटतं.

त्या उन्हाळ्यात पाणी घरात वापरायचं की कारखान्याच्या फरशीवर शिंपडायचं, हा रोजचा प्रश्न होता. एक बादली फरशीवर गेली की आईची भांडी थांबायची. पण न शिंपडता ठेवलं तर दुपारी दोननंतर सूत तडातड तुटायचं, काका धावून धावून थकायचे आणि त्यांचे मीटर कमी व्हायचे. शेवटी आम्ही भांड्यांचं आणि कपड्यांचं शेवटचं स्वच्छ पाणी वेगळं साठवायला लागलो आणि तेच शिंपडू लागलो. बाबा घसरले ती जागा मी पहिल्यांदा सिमेंटनं खरबरीत करून घेतली.

जूनच्या सुरुवातीला कर्नाटकी बेंदूर होता. गावभागात बैलांच्या शर्यती आणि बैलानं कर, म्हणजे आडवी बांधलेली दोरी, तोडायचा कार्यक्रम असतो, अर्धं गाव तिकडं लोटतं. दिवसपाळीचे दोघेही अर्धा दिवस मागून गेले. मी बंद कारखान्यात एकटी होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा माग चालू केला. आठ नंबर, दाराजवळचा. मोटर लावली, दांडा ओढला आणि घाबरून लगेच सोडला. दुसऱ्यांदा धरून ठेवला. आठ-दहा फेऱ्या झाल्या, माग थांबला. कांडीच संपलेली होती. मी कांडी बदलली, धागा नीट ओढून घ्यायला विसरले, कापडावर धाग्याचा गुंता बसला. तो सोडवायला मला पाऊण तास लागला. संध्याकाळी काकांनी कापडावर हात फिरवला आणि पातळ पडलेली पट्टी बोटानं दाखवली. ‘‘कोण चालवत होतं?’’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘उद्यापासनं जेवायच्या सुट्टीत शिकवतो.’’

तीन आठवडे मी दुपारी अर्धा तास त्यांच्या शेजारी उभी राहिले. तुटलेल्या धाग्याला मारायची गाठ इतकी लहान हवी की ती फणीतून अडकल्याशिवाय सरकली पाहिजे. मी मारलेली प्रत्येक गाठ फणीत अडकायची. काका एका हातानं मारतात, दुसरा हात दांड्यावर. बोलणं होत नाही, एवढ्या आवाजात सगळं खुणांनी चालतं. दोन बोटं वर म्हणजे दोन नंबर बघ, मूठ फिरवली म्हणजे जॉबरमामांना बोलव. बाबा घरात इतक्या मोठ्यानं का बोलतात, म्हणून मी शाळेत असताना मैत्रिणींसमोर लाजायचे. आता समजलं, त्यांना हळू ऐकूच येत नाही. कानात कापसाचा बोळा घालायची सवय मी सगळ्यांना लावायचा प्रयत्न केला. रात्रपाळीचा तरुण मुलगा घालतो. काका म्हणाले, ‘‘कान बंद केला तर माग कसा ऐकू?’’ धोट्याचा ठोका सैल पडला की पट्टा गेलाय हे त्यांना आवाजावरून कळतं. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्यांचे कान जातायत हेही खरं आहे. या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

वीज गेली की काय होतं, ते मात्र सांगायलाच हवं. एका क्षणात सगळी गल्ली शांत होते. लहानपणी ती शांतता फार मोठी वाटायची. लोक दारात येतात, कुणी तंबाखू मळतो, कुणी चहा मागवतो, पलीकडच्या कारखान्यातलं बोलणं शब्दनशब्द ऐकू येतं. पण त्या आधी एक काम असतं. आठही मागांचे दांडे सोडून ठेवायचे. विसरलं आणि वीज आली तर सगळे माग एकदम झटक्यानं सुरू होतात, धोटे मध्येच अडकलेले असतात, धागे पट्ट्याच्या पट्ट्यानं तुटतात. जुलैमध्ये एकदा मी विसरले. दोन मागांवर मिळून चारशेच्या वर धागे तुटले. जॉबरमामा, काका आणि मी रात्री एकपर्यंत जोडत बसलो. मामांनी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, ‘‘तुझ्या बाबानं माझ्या पोरीच्या लग्नात आठ दिवस कारखाना बंद ठेवला हुता, पाहुण्यांची झोपायची सोय म्हणून.’’ हे मला माहीत नव्हतं. वहीत लिहिलेलं नव्हतं.

रजा संपली. मी पुण्याला फोन करून आणखी मुदत मागितली, ती मिळाली नाही, म्हणून राजीनामा दिला. हा निर्णय मोठा असेल असं वाटलं होतं, पण त्या दिवशी सात नंबरवर नवा बीम चढत होता आणि मी फोन ठेवून तिकडंच गेले.

हिशेबाचं शिक्षण कामाला आलं ते पैसे वसूल करताना. आमचा एक व्यापारी मजुरी द्यायला तीन-तीन महिने लावायचा. कामगारांचा पगार आठवड्याला, वीजबिल महिन्याला, आणि आमचं येणं तीन महिन्यांनी. मधली दरी बाबा सोनं गहाण टाकून भरत होते. हे आईला माहीत होतं, मला नव्हतं. मी आमची ‘उद्यम’ ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी केली. आधार आणि पॅन लागतं, पैसे लागत नाहीत, अर्ध्या तासाचं काम आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे १५ दिवसांत, किंवा लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजावटीत दाखवता येतो. मी बिलावर उद्यम क्रमांक छापला आणि मार्च २०२४ च्या आधी व्यापाऱ्याकडं गेले. त्यानं बिल बघितलं आणि सांगितलं, ‘‘हा नंबर काढून आणा, नाहीतर पुढचा बीम दुसऱ्याला जाईल.’’

मी दोन रात्री झोपले नाही. नंबर काढला तर कायद्याचा उपयोग शून्य. न काढला तर तीन माग मोकळे. बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘मी काढला असता.’’ मग म्हणाले, ‘‘पण वही तुझ्याकडं आहे.’’ मी नंबर तसाच ठेवला. त्या व्यापाऱ्यानं मार्चच्या अखेरीला सगळी बाकी चुकती केली आणि पुढचा बीम पाठवला नाही. पाच आठवडे तीन माग उभे होते. काकांच्या जोडीदाराला मी शेजारच्या कारखान्यात काम बघून दिलं, तो परत आलाच नाही. ते मला लागलं. मग दुसऱ्या व्यापाऱ्याचं काम मिळालं, पिकाला दर थोडा कमी, पण पैसे महिन्याच्या आत. मी बरोबर केलं की नाही, हे त्या गेलेल्या कामगाराला विचारलं पाहिजे.

त्याच सुमारास राज्य सरकारनं २७ अश्वशक्तीच्या आतल्या यंत्रमागांना युनिटमागं एक रुपया जादा वीजसवलत जाहीर केली. ऑनलाइन नोंदणी करायची होती. गल्लीतल्या अकरा कारखान्यांचे अर्ज आमच्या ओट्यावर बसून मी भरले. कुणाचं वीजमीटर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, कुणाचा आधार आणि सातबाऱ्यावरचं नाव वेगळं. त्या आठवड्यात आमच्या घरी जितका चहा झाला तितका दिवाळीत होत नाही. ज्या बायका मला ‘पुण्याची’ म्हणायच्या, त्या आता भरलेल्या अर्जाची प्रत न्यायला येताना वाटीतून काहीतरी घेऊन येतात.

पण सवलतीनं सगळं भागत नाही. आमच्या गल्लीत मी लहान असताना सोळा कारखाने होते, आता अकरा. धोटा नसलेले नवे माग एका दिवसात जितकं विणतात तितकं विणायला आमच्या मागाला आठवडा लागतो. बंद झालेले माग भंगारात वजनावर जातात. आमचे एक आणि दोन नंबर आजोबांच्या वेळचे, सगळ्यात जुने. त्यांचे सुटे भाग मिळेनात, जॉबरमामांचा निम्मा वेळ त्यांच्यावर जायला लागला. या वर्षी जानेवारीत मी बाबांना सांगितलं, हे दोन काढूया. ते आता वॉकरनं चालतात. काही बोलले नाहीत. भंगारवाला आला त्या दिवशी ते स्वतः कारखान्यात येऊन खुर्चीवर बसले.

बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, माग उचलून नेत नाहीत. घण घालून फोडतात. बीड वाकत नाही, एकदम तडकतं. पहिल्या घावाला काकांनी बाकीचे सहाही माग बंद केले. मी त्यांना सांगितलं नव्हतं. दोन मागांचे तुकडे टेम्पोत चढवायला तास-दीड तास लागला. एक धोटा बाबांनी मागून घेतला, शिसवी लाकडाचा, टोकांना लोखंड असलेला, मधे धाग्यानं घासून खोबण पडलेला. तो आता आईच्या शिलाई मशीनच्या खणात आहे.

मोकळ्या जागेत मी घडी टेबल आणि चांगला दिवा लावून घेतला आहे. कापड देण्याआधी कांडीवाल्या मावशींची सून तिथं तागा तपासते, सुटलेले धागे काढते. पूर्वी व्यापारी जाळ्यांचे पैसे कापायचा, ते कमी झालंय. मागांचे नंबर मात्र आम्ही बदलले नाहीत. तीन ते आठ असेच आहेत.

पाच नंबरचा बीम उद्या सकाळी संपेल. सांधणाऱ्याला आठ वाजता बोलावलंय, पावडर संपलीय ती आज रात्रीच आणून ठेवायची आहे.